एक घर सरकलेला थेंब

उन्हाळा लागला की रिठदच्या शिवारात हळद शिजायला लागते. वाशीम सोडून बस रिसोडच्या रस्त्याला लागली की तो वास आधी येतो आणि गाव नंतर दिसतं. ओल्या मातीचा, वाफेचा, जरासा कडसर वास. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उकडलेली हळकुंडं पसरलेली असतात, आणि दुपारी बारा वाजता त्या पिवळ्या रंगाकडे सरळ बघवत नाही. पूर्वी मोठ्या कढईवर गोणपाट टाकून हळद शिजवायचे, आता बॉयलर आले आहेत. वास मात्र तोच राहिला.

रिठद हे विमलचं, माझ्या बायकोचं माहेर. आम्ही राहतो मंगरूळपीरला. तिथं बसस्टँडजवळ माझा फोटो स्टुडिओ होता, चाळीस वर्षं चालवला. आता मी त्र्याहत्तरचा आहे आणि ती अडुसष्टची. हळदीच्या या हंगामात, जेव्हा लग्नंही असतात, रिठदला जायचं मी कित्येक वर्षं टाळलं. पत्रिका यायची. मी गुडघ्याचं कारण सांगायचो. गुडघे तेव्हा चांगले होते.

यंदा त्या वासाच्या आधी घरात एक कॅमेरा आला. आमची मुलगी सुषमा नागपूरला असते, तिनं पाठवला. मिररलेस म्हणतात त्याला. आत आरसा नाही. आमच्या जुन्या कॅमेऱ्यात बटण दाबलं की आतला आरसा वर उडायचा आणि ‘खट्ट’ असा आवाज यायचा. त्या खटक्यावर मी घर चालवलं, मुलगी शिकवली. नव्यात खटका नको असेल तर तोही बंद करता येतो. पहिल्या दिवशी मी फोटो निघाला की नाही हे कळायची वाट बघत बसलो, आणि तोवर तुळशीचे अकरा फोटो निघाले होते.

त्याचा मेनू उघडला आणि मला आमची तहसील आठवली. काम एकाच खिडकीचं असतं, पण ती खिडकी सापडेपर्यंत दुपार होते. पानामागून पान, पानात यादी, यादीत आणखी यादी. मी सुषमाला फोन करून म्हटलं, “बाई, हे माझ्यानं होत नाही. बटणांवर जे लिहिलं आहे ते मला लागत नाही, आणि जे लागतं ते सापडत नाही.”

ती हसली. “बाबा, बटणावर काय लिहिलं आहे ते पाहूच नका. कोणत्या बटणानं काय करायचं ते तुम्ही ठरवायचं असतं. तुमचा हात जिथं जातो तिथं ते काम आणून ठेवा.”

हे वाक्य मला दोन दिवस पुरलं. मी एक दोनशे पानी वही घेतली आणि बसलो. माझ्या उजव्या हाताची तर्जनी आता थरथरते. बटण अर्धं दाबून धरायचं आणि मग पूर्ण दाबायचं, हे तिला जमत नाही. म्हणून नजर पक्की करण्याचं, म्हणजे फोकसचं, काम तर्जनीकडून काढलं आणि मागच्या बाजूला, अंगठ्याखालच्या बटणाला दिलं. अंगठा अजून धडधाकट आहे. वरच्या चाकाला उजेडाचं काम दिलं. व्हिडिओचं लाल बटण चुकून दाबलं जायचं, त्यामुळे माझ्या चपलांचे सात व्हिडिओ जमा झाले होते. त्या बटणाला शेवटी काहीच काम दिलं नाही, निवृत्त केलं. एकेका बटणासमोर पडदा विचारायचा की याला काय काम द्यायचं, आणि मी वहीत बघून उत्तर द्यायचो. चाळीस वर्षं कॅमेऱ्याच्या कलानं माझी बोटं वळली होती. आता पहिल्यांदाच कॅमेरा माझ्या बोटांच्या कलानं वळत होता. या वयात असा मान कोण देतं?

वरच्या मोठ्या डायलवर एक, दोन, तीन असे आकडे आहेत. प्रत्येक आकड्यात सगळी मांडणी साठवून ठेवता येते. मग आकडा फिरवायचा, की सगळं एकदम जागेवर. मी वहीत लिहिलं: एक म्हणजे घरात, दोन म्हणजे मांडवात, तीन म्हणजे उन्हात.

विमल कुरड्यांसाठी गहू भिजवून त्याचा चीक काढायला बसणार होती. हातातलं पातेलं घेऊन ती माझ्यामागे थांबली.

“तीन दिवस झाले, काय करून राह्यले तुमी?”

मी सांगितलं. डायल फिरवून दाखवला. हे घरातलं, हे मांडवातलं, हे उन्हातलं. पाहायची गरज नाही, आकडा फिरवला की झालं.

ती थोडा वेळ बघत राहिली. मग म्हणाली, “म्हंजे माह्या थेंबावानी.”

आणि पातेलं घेऊन आत गेली. सदतीस वर्षांत ती त्या थेंबांबद्दल पहिल्यांदा बोलली होती. मी वही मिटली. पुढं त्या दिवशी माझ्यानं एकही बटण लागलं नाही.

ते थेंब काय होते, हे आता मला लिहायलाच हवं.

आमच्याकडे नवरीची हळद आतल्या अंगणात लागते. तिथं बायाच असतात. तेव्हा तर पुरुष फोटोग्राफरला दाराच्या आत पाऊल टाकू देत नसत. मग मी काय करायचो, तर सगळं आटोपलं, तोंडं धुतली, लुगडी बदलली की बायांना एका रांगेत उभं करून फोटो काढायचो. हळदीच्या फोटोत हळद नसायची. हे मला टोचायचं. म्हणून एका पावसाळ्यात, धंदा थंड असताना, मी विमलला कॅमेरा शिकवला. सातवीपर्यंत शिकलेली, इंग्रजी आकडे यायचे. चार महिन्यांत तिनं जे हातात घेतलं ते मला चार वर्षांत आलं नव्हतं.

अडचण एकच होती. डायलवरचे पडद्याच्या वेगाचे आकडे बारीक, अंगणाच्या कोपऱ्यात उजेड कमी, आणि चाळीस बाया एकमेकींना ढकलत असतात. आकडा वाचायला डोळा काढला की क्षण गेला. तिनं त्यावर तोड काढली. दर्ग्याजवळच्या बांगड्यांच्या दुकानातून लाल नखपालिशची बाटली आणली आणि डायलच्या काठावर, साठच्या आकड्यासमोर, एक थेंब ठेवला. तो वाळला की ज्वारीच्या दाण्यासारखा अंगठ्याला लागायचा. एक दाणा म्हणजे घरात, फ्लॅशसकट. अडीचशेसमोर दोन दाणे म्हणजे उन्हात. लेन्सच्या कड्यावर आणखी एक, चार हातांच्या अंतराचा.

मी विचारलं होतं, “आकडा न पाहता कसं समजते तुले?”

तर म्हणाली, “पोळी लाटताना मी पोळपाटाकडं पाह्यतो का वो? नवरीकडं पाहू का डायलकडं?”

तिनं काढलेले फोटो मी आजही पेटीतून काढून बघतो. कानात हळद गेली म्हणून डोळे मिटून हसणारी एक नवरी. पाठीवर पिवळा पंजा उमटलेली, आणि हे माहीतच नसलेली एक मोठी जाऊ. आणि तो एक फोटो, ज्यासाठी लोक कारंज्याहून माझ्या दुकानात यायचे. नवरीच्या गालांवर चार सवाष्णींचे हात, आणि दाराच्या चौकटीआडून आलेला पाचवा हात, बांगड्या नसलेला, फक्त एका बोटावर हळद घेतलेला. ती नवरीची विधवा मावशी होती. तिला तिथं येऊ दिलं नव्हतं. पुरुषाला तो हात दिसलाच नसता. दुसऱ्या कोणा बाईला दिसला असता तर तिनं नजर वळवली असती. विमलनं कॅमेरा वळवला.

तो फोटो मी मोठा करून दुकानात लावला. खाली माझ्या नावाचा शिक्का मारला. लोक विचारायचे, “भाऊ, हा कसा जमला तुमाले? आत कसे गेले?” मी नुसतं हसायचो. त्या हसण्यातून ज्यानं जे समजायचं ते समजावं. पुढं तर मीही समजायला लागलो की तो माझाच आहे.

शोभाच्या लग्नाचा हंगाम त्यानंतरचा. शोभा म्हणजे रिठदच्या दादारावांची मुलगी. दादाराव विमलचे चुलतभाऊ, त्यामुळे शोभा तिला आत्या म्हणते. हळदीच्या आदल्या दिवशी दुपारी दुकानात कारंज्याचा एक फोटोग्राफर बसला होता. धंद्यातलाच माणूस, रोल उसना न्यायला आलेला. त्यानं काउंटरवरचा माझा कॅमेरा उचलला आणि उजेडात धरला.

“काय भाऊ, कॅमेऱ्याले नेलपालिश? कुंकू लावायचं राह्यलं ना मंग!”

दुकानात आणखी दोघं होते. तिघं हसले. मीही हसलो. पण ते गेल्यावर मी थिनरची बाटली काढली, कापसाचा बोळा भिजवला आणि सगळे थेंब पुसून टाकले. डायल, लेन्सचं कडं, सगळं चकचकीत. कातडी पट्टीत शिरलेली हळद तेवढी निघाली नाही. मला वाटलं, आता हा माणसाचा कॅमेरा दिसतो.

सकाळी जाग आली ती चूक कळूनच. विमल न्हाऊन तयार होती, बाहेर जीप थांबली होती, ड्रायव्हर हॉर्न देत होता. पुसलं म्हणून तिला सांगायची लाज वाटली. मी कोनाड्यातली तिची बाटली घेतली, डायलची घरं घाईनं मोजली आणि थेंब ठेवले. फुंकर मारून वाळवले. कॅमेरा पिशवीत टाकला आणि पिशवी तिच्या खांद्यावर दिली.

साठसमोरचा तो एक थेंब मी एक घर पुढं ठेवला होता. एकशेपंचवीससमोर.

ज्यांना कॅमेऱ्यातलं कळत नाही त्यांच्यासाठी सांगतो. फिल्मसमोर एक पडदा असतो. फ्लॅश चमकतो त्या क्षणी तो पूर्ण उघडा हवा. त्या कॅमेऱ्यात साठच्या वेगापर्यंत तो पूर्ण उघडायचा. त्याच्या पुढं गेलं की पडदा अर्ध्यावर असतानाच फ्लॅश चमकून जातो, आणि चौकटीचा अर्धा भाग काळा राहतो. काढणाऱ्याला ते काढताना कळत नाही. फ्लॅश चमकलेला दिसतो, खटका ऐकू येतो, सगळं बरोबर वाटतं.

विमलनं त्या दिवशी तीन रोल काढले. मी बाहेर पुरुषांत बसलो होतो. आत फ्लॅश चमकला की दाराच्या फटीतून भिंतीवर पांढरी रेघ यायची, आणि मी मोजायचो. मला त्या रेघांचा अभिमान वाटत होता.

पाच दिवसांनी अकोल्याच्या लॅबमधून बसनं पाकीट आलं. मी काउंटरवरच उघडलं. शोभा अर्धी. तिची आई अर्धी. हळदीचं ताट, वरचे हात, मांडीवरचा नारळ, सगळं अर्धं. प्रत्येक फोटोत एका बाजूला हळद आणि दुसऱ्या बाजूला काजळ. मी कॅमेरा हातात घेतला, डायलवरून अंगठा फिरवला, दाण्यावर थांबलो आणि वर पाहिलं. एकशेपंचवीस.

समजायला एवढाच वेळ लागला. कबूल करायला सदतीस वर्षं.

अल्बम द्यायला आम्ही दोघं रिठदला गेलो. ओसरीवर दादाराव, त्यांचे भाऊ, गावातले चार जण बसले होते. दादारावांनी अल्बमची हळदीची पानं उलटली आणि माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, “बाईच्या हाती यंत्र दिलं की असंच होते.” विमल पाण्याचा तांब्या घेऊन दारातच उभी होती. तिच्या स्वतःच्या माहेरात, तिच्या भावांसमोर.

परतीच्या बसची वाट बघत आम्ही फाट्यावर उभे होतो. ती हळू म्हणाली, “माहंच बोट सरकलं असन.”

मी म्हणालो, “असन.”

एवढाच शब्द. खोटं बोलायला मला एक वाक्यही लागलं नाही. त्या दिवसानंतर विमलनं कॅमेऱ्याला हात लावला नाही. मी एकदोनदा म्हणून पाहिलं, तर म्हणायची, “नोको, माह्या हाताचा भरोसा नाही.” पुढं व्हिडिओवाले आले, हळद अंगणातून हॉलमध्ये आली, पुरुष सर्रास आत जायला लागले, आणि तिच्या न काढण्याची कोणाला उणीव वाटली नाही. मला वाटायची. तिच्यानंतर माझ्या दुकानातून पाचवा हात असलेला एकही फोटो निघाला नाही.

विमल थेंबांबद्दल बोलली त्याच आठवड्यात शोभा पत्रिका घेऊन आली. आता ती सत्तावन्नची. केस पांढरे, आवाज तोच मोकळा. धाकट्या मुलीचं लग्न होतं, हळद रिठदलाच, दादारावांच्या अंगणात. तिनं टेबलावरचा नवा कॅमेरा पाहिला आणि विमलकडे वळली.

“आत्या, हळदीचे फोटो तुमी काढजा.”

“मी नाही वो बाई. पोट्टे हायत ना आता कॅमेरेवाले.”

“पोट्टे नवरीच्या मेकअपचे फोटो काढतात. मले तुमचे पाह्यजेत. माह्या लग्नातला माहा अर्धाच चेहरा हाय अल्बमात. नातू इचारते, आजी, तुले अर्धीच हळद लागली होती काय?” शोभा खळखळून हसली. “पोरीचा तरी पूर्ण काढा.”

ती विनोदानं बोलली होती. विमल हसली नाही. “म्हणूनच नाही म्हनतो ना,” एवढं बोलून ती चहाच्या कपबशा उचलून आत गेली. मोरीत नळ बराच वेळ नुसता वाहत राहिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती गच्चीवर कुरड्या घालत होती. मी जुना कॅमेरा घेऊन वर गेलो. त्याच्या डायलवर तो थेंब अजून आहे, कडेनं तडकलेला. मी तिच्यासमोर बसलो आणि तिचा अंगठा धरून त्यावर ठेवला. तिच्या हाताला चीक लागलेला होता.

“हा थेंब तू ठेवला नाही,” मी म्हणालो. “तुहे मी पुसले होते. हा मी ठेवला. एक घर पुढं.”

तिनं डायल डोळ्याजवळ नेला, मग चष्मा आणायला उठली, खाली जाऊन आली, पुन्हा पाहिला.

“म्हंजे माहं बोट सरकलं नव्हतं.”

“नाही.”

“आन तुमाले मालूम होतं.”

“पाकीट उघडलं त्याच दिवशी.”

तिनं कॅमेरा माझ्या मांडीवर ठेवला. सोऱ्या उचलला आणि राहिलेल्या कुरड्या घातल्या, सगळ्या, एकसारख्या गोल. एकही मोडली नाही. मग पदराला हात पुसत म्हणाली, “मी या बोटाले किती शिव्या देल्या.” आणि खाली गेली.

तीन दिवस घरात फक्त भांड्यांचा आवाज होता. ताट वेळेवर यायचं. भाकर गरम असायची. शब्द नसायचा. मी माफी मागायची म्हणून दोनदा तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा ती उठून गेली. माझ्या सोयीनं मी सांगितलं होतं, आता तिच्या सोयीनं तिला रागवायचं होतं. तो तिचा हक्कच होता.

चौथ्या दिवशी सकाळी ती नवा कॅमेरा घेऊन माझ्यासमोर खुर्चीत बसली.

“दाखवा.”

मी माझी वही काढली आणि माझी मांडणी सांगायला लागलो. तिनं हात वर केला. “तुमचं राहू द्या. तुमची बोटं येगळी, माही येगळी. मले काय पाह्यजे ते मी सांगतो, तुमी खिडकी शोधा.”

पुढचे दहा दिवस हे माझ्या आयुष्यातले सर्वांत चांगले दिवस होते, आणि हे मी जपून लिहीत आहे. ती सांगायची, मी मेनूत शोधायचो. तिला मागचं बटण नको होतं. तिचा अंगठा आखूड, तो तिथवर पोचताना पकड सुटत होती. ते काम तिनं पुढच्या, लेन्सशेजारच्या बटणाला दिलं, जिथं तिची करंगळीशेजारची बोटं आपोआप जातात. मला तिथं बटण आहे हेच माहीत नव्हतं. डायलवरच्या तीन जागांपैकी तिनं दोनच ठेवल्या. मी विचारलं, मांडवातलं काहून काढलं, तर म्हणाली, “मांडवात तुमी असानच की. मले आतलं पाह्यजे, आन दारातलं.”

“दारातलं कायले?”

“दारातून कोणी हात घालते कधी कधी,” ती म्हणाली.

आवाज तिनं पूर्ण बंद करून घेतला. फ्लॅशही नको म्हणाली. नव्या कॅमेऱ्याला अंगणातला उजेड पुरतो हे तिनं आमच्या माजघरात, मिटल्या खिडक्यांत, लसूण सोलणाऱ्या शेजारणीचे फोटो काढून ठरवलं. शेजारणीला कळलंही नाही. मग तिच्या लक्षात आलं की त्या पुढच्या बाजूची दोन्ही बटणं बोटाला सारखीच लागतात. तिनं कपाटातून बाटली काढली. नातीची होती, जांभळ्या रंगाची. मी हात पुढं केला.

“थेंब मी लावीन,” ती म्हणाली. “तुमी बाटलीचं झाकण धरा.”

मी झाकण धरलं.

रिठदला आम्ही हळदीच्या दिवशी सकाळी पोचलो. बसमधून उतरल्याबरोबर तो वास आला. दादाराव आता नव्वदीला टेकले आहेत, ओसरीवर त्याच जागी खाटेवर बसतात. भोवती त्यांचे मुलगे, जावई, गावातले लोक. विमल कॅमेरा गळ्यात घालून आतल्या दाराकडे निघाली होती. मी तिला थांब म्हटलं.

“दादाराव, शोभाच्या हळदीचे फोटो अर्धे निघाले, ते इच्यामुळं नाही. चूक माही होती. मी कॅमेऱ्याची खूण चुकवली आन नाव इचं सांगतलं. इथंच बसून सांगतलं.”

दादारावांनी कानामागं हात धरून मुलाकडून पुन्हा ऐकून घेतलं. मग ते माझ्याकडे वळले.

“जावईबापू, मंगरूळपीरवरून इथवर यायले तुमाले सदतीस वर्सं लागले? एसटी येवढी लेट नसते जी.”

लोक हसले. शोभा दारात उभी होती, ती हसली नाही. तिनं पुढं होऊन विमलचा हात धरला आणि म्हणाली, “चाला आत्या. आत थांबल्या सगळ्या.” विमलनं माझ्याकडे पाहिलं नाही. पण आत जाताना तिनं पदर खोचला, घट्ट, जसा ती त्या दिवसांत कामाला निघताना खोचायची.

मी बाहेर पुरुषांत बसलो. या वेळी दाराच्या फटीतून पांढरी रेघ येत नव्हती, खटका येत नव्हता. मोजायला काही नव्हतं. नुसतं हसणं, बांगड्या, पाटाची खरखर, आणि मधेच कोणा पोरीचा आवाज, “आजी, तुमचा कॅमेरा मुका हाय का वो?” आणि विमलचं उत्तर, सगळ्या ओसरीला ऐकू जाईल असं: “मुकाच बरा बाई. बोलनारे बाहेर बसले हायत.”

दादाराव खोकेपर्यंत हसले. मीही.

मंगरूळपीरला परत आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी मी ते फोटो पाहिले. मला काय वाटलं ते नीट सांगता येईल की नाही, माहीत नाही. नवरी आहे, पूर्ण आहे, तिच्या भुवईतून ओघळणारा हळदीचा थेंब पापणीवर पडायच्या आधी धरलेला आहे. शोभा आहे, लेकीच्या तोंडावर हळद फासता फासता दुसऱ्या हातानं स्वतःच्या गालाला लावून बघणारी, अल्बममध्ये जी बाजू काळी होती नेमकी त्याच गालाला. ते शोभालाही कळलं नसेल. चाळीस वर्षं मी लोकांना ‘इकडं पाहा’ म्हणत आलो. विमल कधीच म्हणाली नाही. ती स्वतः पाहत राहिली.

फोटो बघताना मी एकाची माहिती उघडली. तारीख, वेळ, उजेड, आणि खाली एक ओळ: फोटोग्राफरचं नाव. तिथं माझं नाव होतं.

कॅमेरा आला त्या पहिल्या दिवशीच, मेनूत अगदी शेवटी ती खिडकी सापडली होती आणि मी हौसेनं माझं नाव भरून ठेवलं होतं. कॅमेरा इमानदार. त्यानं हळदीच्या प्रत्येक फोटोत आतून माझा शिक्का मारला होता. सगळ्याच्या सगळ्यांत.

मी कॅमेरा बंद केला. पुन्हा चालू केला. हे कोणाला कधी कळलं नसतं. सुषमाला गुपचूप फोन केला असता तर तिनं कॉम्प्युटरवर बदलून दिलं असतं. मी उठलो, चहा केला, अंगणात एक फेरी मारली. मग स्वयंपाकघरात गेलो आणि विमलला सांगितलं.

ती भाजी चिरत होती. तिनं विळीवरून मान वर केली.

“कवा पाह्यलं हे?”

“झाला असन एक तास.”

“एक तास,” ती म्हणाली. तिनं वांग्याचे दोन काप केले. “सदतीस वर्सावरून एका तासावर आले. सुधरून राह्यले म्हना की.”

मग ती हात न धुताच बाहेर आली आणि माझ्याशेजारी बसली. मी ती खिडकी शोधली. माझं नाव एकेक अक्षर मागं जात पुसलं. थिनरपेक्षा हे अवघड होतं, आणि सोपंही. मग तिचं नाव, पाच इंग्रजी अक्षरं, चाक फिरवत एकेक जागेवर बसवलं. काढून झालेल्या फोटोंतलं नाव सुषमा बदलून देणार आहे. पेटीतल्या जुन्या फोटोंच्या पाठी मी रोज दुपारी पेन्सिलनं विमलचं नाव लिहितो, माझ्या शिक्क्याच्या वर. दाराआडच्या हाताचा तो मोठा फोटो पहिला होता.

पाचवं अक्षर बसल्यावर मी शेवटचं बटण दाबणार, तर ती म्हणाली, “थांबा.” आणि ते तिनं दाबलं.

त्या बटणावर, आणि पुढच्या बाजूच्या जांभळ्या थेंबावरही, रिठदच्या हळदीचा पिवळा ठसा उमटलेला आहे. इथं तिच्या अंगठ्याचा, तिथं बोटाचा. जुनी सवय म्हणून तो पुसायला माझा हात खिशातल्या रुमालाकडे गेला होता. मी हात परत घेतला.